इंद्रियशैथिल्याचा प्रश्न आणि धर्मसभा : एक ऐतिहासिक मागोवा

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेल्या बेला व जैनद या मंडलांत मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा एकाच अंगणात बोलल्या जातात. या भागात सेवा करीत असता काही वर्षांपूर्वी एक ज्येष्ठ धर्मशिक्षक आमच्या भेटीस आले आणि आपणांस सेवेतून मोकळे करावे अशी त्यांनी विनंती केली. वय पन्नाशीच्या पुढे, चार मुलांचे पिते, धर्मशिक्षणात हातखंडा असलेले. कारण विचारता ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पिशवीतून पवित्र शास्त्र काढले आणि अनुवादाच्या २३ व्या अध्यायातील पहिल्या वचनावर बोट ठेवले. ज्याचे पुरुषत्व छिन्न झाले आहे त्याने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, या अर्थाचे ते वचन होय. गेले वर्षभर आपण पती म्हणून असमर्थ झालो आहोत, तेव्हा मंडळीपुढे उभे राहून शिकविण्याचा आपणांस अधिकार उरला काय, असा त्यांचा प्रश्न होता. (ही गोष्ट पापनिवेदनातील नव्हे, आणि ती येथे लिहिण्यास त्यांनी आनंदाने संमती दिली आहे.)

आम्ही त्यांस सांगितले की, ते वचन जुन्या करारातील एका विशिष्ट छेदनाविषयी आहे, धर्मसभेत असा कोणताही प्रतिबंध नाही, आणि त्यांच्या विवाहास तर कसलीच बाधा येत नाही. हे सारे खरे होते. ते समाधानाने परत गेले. दोन वर्षांनी त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे कापावी लागली. मधुमेह होता, तोही शल्यचिकित्सकांच्या मते पुष्कळ वर्षांचा आणि कधीच न तपासलेला. ज्या दुर्बलतेस ते पापाची खूण समजत होते आणि आम्ही केवळ शास्त्रार्थाचा विषय समजलो, ती वस्तुतः त्या रोगाची पहिली सूचना होती.

धर्मशास्त्राचे इतके शिक्षण घेतलेल्या आम्हांस त्या दिवशी हा एक साधा प्रश्न का सुचला नाही? स्वतःस दोष देऊन हा विषय संपत नाही. आम्हांस जे सुचले ते शेकडो वर्षांच्या परंपरेने सुचविलेले होते, आणि जे सुचले नाही तेही त्याच परंपरेमुळे. तेव्हा त्या परंपरेचाच मागोवा घेणे इष्ट.

प्रथम शब्दांविषयी. आपल्या भाषेत षंढ, क्लीब, नपुंसक, नामर्द हे शब्द सरमिसळ करून वापरले जातात. त्यांत तीन निरनिराळ्या अवस्था एकत्र कोंबल्या जातात. एक, ज्याचे वृषण काढले गेले आहेत असा पुरुष. दुसरी, ज्याच्यापासून संतती होत नाही असा, म्हणजे वंध्य पुरुष. आणि तिसरी, ज्याच्या इंद्रियास समागमास पुरेसा ताठरपणा येत नाही किंवा टिकत नाही असा. तिसऱ्या अवस्थेतील पुरुषास मुले झालेली असू शकतात, आणि दुसऱ्या अवस्थेतील पुरुष समागमास पूर्ण समर्थ असू शकतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात कांदके राणीच्या हबशी अधिकाऱ्यास 'षंढ' म्हटले आहे. भाषांतर चुकीचे नाही. पण हाच शब्द चावडीवर शिवी म्हणून ऐकलेला माणूस उपासनेत तो ऐकतो तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल, याचा विचार आपण क्वचितच केला आहे. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञ परिषदेने 'नपुंसकत्व' या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द अपमानकारक व संदिग्ध म्हणून टाकून द्यावा आणि केवळ त्या क्रियेतील बिघाड सांगणारी संज्ञा वापरावी अशी शिफारस केली. तिसऱ्या अवस्थेसाठी आम्ही येथे 'इंद्रियशैथिल्य' हा शब्द योजीत आहोत.

पवित्र शास्त्राचा प्रवाह अनुवादातील त्या वचनापाशी थांबत नाही. यशयाच्या ५६ व्या अध्यायात परमेश्वर स्वतःच षंढास अभय देतो. त्याने आपणांस वाळलेले झाड समजू नये, पुत्र व कन्या यांहून श्रेष्ठ असे नाव आपल्या घरात त्यास मिळेल, असे तेथे वचन आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील आठव्या अध्यायात तो हबशी अधिकारी रथात बसून जे पुस्तक वाचीत होता ते यशयाचेच, आणि फिलिप्पाने त्यास वाटेतच स्नानसंस्कार दिला. दुसरीकडे, पुरुषाच्या सामर्थ्यावर जग किती भार टाकते याचे चित्र १ राजे याच्या पहिल्याच अध्यायात आहे. वृद्ध दावीदास ऊब येईना म्हणून अबीशगेस आणले. राजाचा तिच्याशी संग झाला नाही असे शास्त्र सांगते, आणि लगेच पुढच्याच वाक्यात अदोनीया राजपदावर हक्क सांगू लागतो. शय्येवरील बातमी दरबारात पोहोचावयास वेळ लागला नसावा! पौल मात्र अब्राहामाच्या मृतप्राय झालेल्या देहाविषयी रोमकरांस लिहितो तेव्हा त्यात लाजेचा लवलेशही नाही. ३२५ साली निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या अगदी पहिल्याच नियमाने असे ठरविले की, ज्यांचे छेदन वैद्यांनी आजारपणात केले किंवा परकीय आक्रमकांनी केले त्यांना धर्मगुरुपदावर राहता येईल. ज्याने निरोगी असता स्वतःच ते करून घेतले त्यास मात्र राहता येणार नाही. आमच्या धर्मशिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने सोळाशेहून अधिक वर्षांपूर्वीच देऊन झाले होते.

तथापि पुढील काळात धर्मसभेस या विषयाचा विचार करावा लागला तो मुख्यतः न्यायासनावर बसून. विवाह झाला, पण समागम होऊ शकत नाही. तेव्हा तो विवाह आहे की नाही? ७२६ साली दुसऱ्या ग्रेगरी पोपने संत बोनिफास यांस लिहिलेल्या पत्रात, पत्नी व्याधीमुळे असमर्थ असेल तर पतीने संयमाने राहणे उत्तम, पण न साधल्यास दुसरा विवाह करावा असे सुचविले होते. पुढील आचार्यांना या पत्राने बरेच अडचणीत टाकले. नवव्या शतकात रीम्सचे महागुरू हिंकमार यांनी जादूटोण्यामुळे येणाऱ्या असमर्थतेची चर्चा केली. सुमारे ११४० मध्ये ग्रेशियनने आपल्या संग्रहात हा विषय घेतला, आणि १२३४ साली नवव्या ग्रेगरीच्या संहितेत त्यास स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्या प्रकरणाचे शीर्षकच 'थंड व मंत्रबाधित' पुरुषांविषयी असे आहे.

'मंत्रबाधित' या शब्दावर हसू नये. आपल्याकडे आजही नवपरिणीत तरुणास अपयश आले की कोणाची तरी करणी, भानामती शोधली जाते, आणि संशय बहुधा एखाद्या एकट्या म्हाताऱ्या बाईवर येतो. मध्ययुगीन आचार्यांनी एक निरीक्षण अचूक केले होते : जो पुरुष एका स्त्रीपुढे असमर्थ ठरतो तोच अन्यत्र समर्थ असू शकतो. देह सुस्थितीत असताही असे का होते याचे कारण त्यांस ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी ते जादूत शोधले. आज आपण त्या कारणास भीती, लाज व मनावरील दडपण म्हणतो. उपायाच्या बाबतीत मात्र ते आचार्य आपल्या पंचांहून शहाणे होते. तेराव्या शतकापर्यंत असा दंडक स्थिर झाला की, कारण उघड नसेल तर दांपत्याने तीन वर्षे एकत्र राहून प्रामाणिक प्रयत्न करावा, आणि त्यानंतरही अपयश आले तर दोघांनी शपथ घ्यावी व सात आप्तांनी त्यांच्या सत्यवचनी असण्याची ग्वाही द्यावी. रोमचा त्याहून जुना प्रघात असा की, जिला पत्नी म्हणून ठेवता येत नाही तिला बहीण म्हणून सांभाळावे. निर्णय झाल्यावरही न्यायालय स्वतःस अचूक मानीत नसे. तिसऱ्या इनोसंटच्या एका निकालात, असमर्थ म्हणून विभक्त केलेली स्त्री दुसऱ्या विवाहात समर्थ ठरली. तेव्हा पहिला निर्णय चुकला असे मानून पहिला विवाहच कायम धरण्यात आला.

तीन वर्षांचा अवधी! आमच्या गावांत लग्नानंतर तीन महिन्यांत दोन्हीकडचे वडीलधारे बसतात, देण्याघेण्याचा हिशेब होतो आणि मुलावर जन्माचा शिक्का बसतो. अशा बैठकींस आम्ही हजर राहिलो आहोत, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, आमचे धर्मशिक्षकही कधी कधी त्या घाईत सामील असतात.

जेथे हा धीर सुटला तेथे काय घडले याचे उदाहरण फ्रान्सने घालून दिले. सोळाव्या व सतराव्या शतकांत तेथील न्यायालयांनी असा प्रकार सुरू केला की, पतीने वैद्य, शल्यवैद्य व सुइणी यांनी पडद्याआड वा शेजारच्या खोलीत बसून पाहणी करीत असता आपले सामर्थ्य सिद्ध करावे. धर्मसभेच्या सार्वत्रिक कायद्यात याला आधार नव्हता. पण धर्मन्यायालयांतही तो चालला, हे नाकारता येत नाही. १६५९ मध्ये लांजे येथील एका सरदारास या परीक्षेस सामोरे जावे लागले. साऱ्या पॅरिसमध्ये त्याची चर्चा होती. तो त्यात असफल झाला. विवाह रद्द ठरला, आणि पुन्हा विवाह करण्यास त्यास मनाई झाली. त्याने ती मनाई मोडून दुसरा विवाह केला व त्यास सात मुले झाली. अखेर १६७७ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने ही परीक्षाच बंद केली. साक्षीदारांच्या नजरेखाली कोणाही पुरुषाचा देह साथ देणार नाही, ही साधी गोष्ट विद्वान न्यायाधीशांस उमगण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. लग्नघरात दाराबाहेर कान देऊन बसलेल्या नातलगांस ती अद्यापही उमगलेली नाही.

याच काळात दुसऱ्या दिशेने कायदा कडक झाला. २७ जून १५८७ रोजी पाचव्या सिक्स्टस पोपने स्पेनमधील आपल्या वकिलास लिहिले की, दोन्ही वृषण नसलेल्या पुरुषांचे विवाह होऊ देऊ नयेत. यावरून पुढे एक मत रूढ झाले की, समागमसामर्थ्य असले तरी वृषणांत उत्पन्न झालेले खरे बीज नसेल तर तो पुरुष विवाहास अपात्र होय. विसाव्या शतकात नसबंदीच्या शस्त्रक्रियेने हा वाद ऐरणीवर आणला. १३ मे १९७७ रोजी रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळाने निर्णय दिला की, विवाहासाठी तशा बीजाची आवश्यकता नाही. समागमाचे सामर्थ्य पुरेसे आहे.

या तारखेकडे भारतीय वाचकाने थोडे थांबून पाहावे. आणीबाणी उठून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. १९७६-७७ या एका वर्षात आपल्या देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. रोमच्या निर्णयाचा आपल्या आणीबाणीशी काही संबंध नव्हता. पण ज्या खेड्यांत पोलीस व तलाठी यांच्या धाकाने माणसे शिबिरात नेली गेली तेथे 'नस कापली की माणूस नामर्द होतो' ही समजूत घर करून बसली. ती समजूत चुकीची आहे. या शस्त्रक्रियेत केवळ बीज वाहून नेणारी नळी बंद होते. ताठरपणास लागणाऱ्या शिरा, रक्तवाहिन्या व अंतःस्राव यांना धक्का लागत नाही. धर्मसभा नसबंदीस मान्यता देत नाही हे खरे, पण त्यासाठी खोट्या भीतीचा आधार घेणे आपणांस शोभत नाही.

आजचा कायदा थोडक्यात असा. आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ मध्ये चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. दोन्ही सिरो-मलबार परंपरेचे. यास्तव आपणांस १९८३ च्या लॅटिन संहितेचे कलम १०८४ नव्हे, तर १ ऑक्टोबर १९९१ पासून अमलात आलेल्या पूर्वेकडील धर्मसभांच्या संहितेचे कलम ८०१ लागू आहे. (लॅटिन अध्यापकांपाशी शिकलेल्या आमच्यासारख्यांच्या तोंडी अजूनही पहिलाच आकडा येतो; आशय एकच आहे.) विवाहापूर्वीपासून असलेली व कायमची असलेली समागमाची असमर्थता, पुरुषाची असो वा स्त्रीची, विवाह निरर्थक ठरविते. शंका असेल तर विवाह अडवू नये, आणि शंका आहे तोवर तो निरर्थकही ठरवू नये. वंध्यत्वाने विवाहास बाध येत नाही. विवाह होऊनही समागम झालाच नसेल तर योग्य कारणास्तव तो सोडविण्याचा अधिकार पोप महोदयांचा आहे. पंचांचा नाही, आणि आमचाही नाही. देशाच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही, ख्रिस्ती दांपत्यापुरते, विवाहाच्या वेळी व दावा दाखल करताना असमर्थता असल्यास विवाह रद्दबातल ठरविण्याची तरतूद आहे.

येथे आमच्या मूळ प्रश्नापाशी येतो. हा कायदा वाईट नाही. उलट तो शतकानुशतके अधिकाधिक सावध व दयाळू होत गेला आहे. पण त्याला दिसतो तो एकच पुरुष : विवाहाच्या उंबरठ्यावरचा. विवाहाला वीस वर्षे झालेला, मुलाबाळांचा बाप असलेला, पंचेचाळिशी-पन्नाशीत असमर्थ झालेला पुरुष या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, कारण त्याच्या विवाहास काही झालेले नाही. या विषयाचे आमचे सारे शिक्षण न्यायालयाच्या खिडकीतून झाले. म्हणून जो त्या खिडकीतून दिसत नाही तो आमच्या दृष्टीआड राहिला. आणि संख्येने पाहता तोच सर्वाधिक आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची जी पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली तीत ५२ टक्के पुरुषांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास आढळला.

आपल्या देशातील जुने वैद्यक या बाबतीत अधिक मोकळे होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याची चार कारणे दिली आहेत : बीजाचा बिघाड, इंद्रियाचा बिघाड, वार्धक्य आणि शुक्रक्षय. सुश्रुताने मनाच्या अप्रसन्नतेतून येणारे क्लैब्य वेगळे सांगितले. नारदस्मृती चौदा प्रकार सांगते आणि काहींत महिना, काहींत वर्ष वाट पाहावी, काहींत आशा धरू नये असा भेद करते. म्हणजे कारण आधी शोधावे, निकाल मागाहून द्यावा, ही दृष्टी येथे होती. पुढे ती झाकोळली आणि 'धातू जाणे' या एकाच भीतीने सारे व्यापले.

त्या भीतीस मराठीत पहिल्याने जाहीर उत्तर दिले ते प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. त्यांचे नाव या पानांवर पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. कर्वे नास्तिक होते, आणि संततिनियमनाच्या ज्या साधनांचा त्यांनी प्रचार केला ती धर्मसभा स्वीकारीत नाही. १९२५ मध्ये याच प्रचारापायी त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापकपद सोडावे लागले, आणि ते महाविद्यालय स्कॉटिश मिशनचे होते. मतभेद असणे निराळे. पण दोन वर्षांनी, १९२७ च्या जुलैत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले, त्यात वाचकांच्या खासगी शंकांना ते सरळ उत्तरे देत असत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल विरुद्ध गेला व कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. जी माणसे त्यांना पत्रे लिहीत होती त्यांत ख्रिस्ती माणसे नव्हती असे मानण्यास काही कारण नाही. त्यांनी आपल्या धर्मगुरूस का विचारले नाही, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो.

जेथे जाणते गप्प बसतात तेथे भोंदू बोलतात. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक दुर्बलतेवरील औषधांच्या जाहिरातींस बंदी घातली. तिला ७० वर्षे लोटली तरी आठवडी बाजारातील बरण्या, मुळ्या आणि भिंतींवरील रंगविलेली अक्षरे यांना तिची खबर लागलेली नाही. यांतील काही 'वनौषधी' पुड्यांत इंग्रजी औषधच गुपचूप मिसळलेले असते, असे निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत वारंवार आढळले आहे. त्यातला धोका पुढे सांगतो.

आधुनिक वैद्यकही दीर्घकाळ चुकत होते. १९७० मध्ये मास्टर्स व जॉन्सन यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला तेव्हा बहुतेक सारे इंद्रियशैथिल्य मनातून येते असेच मानले जाई. १९८२ साली पॅरिसचे शल्यचिकित्सक रोनाल्ड विराग यांनी रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाची सुई टोचून ताठरपणा आणता येतो हे दाखविले, आणि लक्ष मनावरून रक्तवाहिन्यांकडे वळले. क्रिया अशी आहे : मेंदूकडून किंवा स्पर्शातून आलेली आज्ञा मज्जातंतूंवाटे इंद्रियापर्यंत पोहोचते, तेथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात निर्माण होतो, त्याने रोहिण्या सैलावतात, स्पंजासारख्या ऊतीत रक्त भरते आणि त्याच्या दाबाने परतीच्या शिरा मिटल्या जाऊन ते तेथे टिकते. शरीरातील नायट्रिक ऑक्साइडच्या या कार्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी २७ मार्च रोजी अमेरिकेत सिल्डेनाफिल या गोळीस मान्यता मिळाली. ही गोळी मुळात हृदयशूळावर उपाय म्हणून इंग्लंडात शोधली जात होती.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. जे जे रोहिणी, मज्जातंतू वा अंतःस्राव बिघडविते ते ते इंद्रियशैथिल्य आणते : मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू, काही औषधे, उदासीनता. इंद्रियाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून बारीक असल्याने त्या आधी तुंबतात. म्हणून हृदयविकार प्रकट होण्याच्या दोन-तीन वर्षे आधी हे लक्षण दिसणे नवलाचे नाही. मधुमेह्यांत ते इतरांहून दहा-पंधरा वर्षे अगोदर येते. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात जंतू वृषणांवर आघात करतात व त्यातूनही हीच अवस्था येते. कुष्ठसेवेत आयुष्य वेचलेल्या आपल्या भगिनींपैकी कितीजणींना रुग्णाने हे सांगण्याचे धैर्य केले असेल?

आमच्या भागात खर्रा, विडी, मोहाची दारू आणि गुडुंबा यांची नावे घेतली की कारणांची अर्धी यादी तेथेच पूर्ण होते. म्हणून आता कोणी या दुःखाने आमच्याकडे आला की आम्ही प्रथम विचारतो : रक्तातील साखर कधी तपासली? रक्तदाब? कोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असे होते. पण त्या आपल्या मनाने बंद न करता वैद्यांस सांगून बदलून घ्याव्यात. पहाटे झोपेत ताठरपणा येतो काय, हाही प्रश्न संकोच न करता विचारावा; येत असेल तर देहयंत्र बहुधा शाबूत आहे आणि अडथळा मनाचा आहे. तरुण वराच्या बाबतीत पुष्कळदा असेच निघते, आणि तेथे त्या जुन्या तीन वर्षांच्या धीराचा आम्ही निःसंकोच आधार घेतो. बाकीच्यांस जिल्हा रुग्णालयात किंवा आदिलाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. ते २००८ पासून आहे, आणि तेथे जाण्यास बाजारातील पुडीहून अधिक खर्च येत नाही. गोळीविषयी एक सूचना प्रत्येक धर्मशिक्षकास पाठ असावी : छातीतील कळेवर जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटसारखी गोळी जो घेतो त्याने ही दुसरी गोळी कदापि घेऊ नये; दोहोंच्या संयोगाने रक्तदाब कोसळून मृत्यू येऊ शकतो. बाजारातील पुडीचा खरा धोका हाच, कारण आपण काय घेत आहोत हे घेणाऱ्यास ठाऊक नसते.

पत्नीसही विश्वासात घ्यावे. आपल्या पतीचे मन दुसरीकडे गुंतले आहे असा संशय धरून वर्षानुवर्षे जळणाऱ्या स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत. करिंथकरांस लिहिताना पौलाने पती व पत्नी यांच्या परस्पर देण्याविषयी जे सांगितले त्याचा अर्थ आपण वसुलीसारखा लावत आलो. पण आजारी ऋणकोस मुदत देणे हेही धनकोच्याच हाती असते. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये विवाह हे आयुष्यभराचे सख्य आहे, संतती नसतानाही त्याचे मोल कायम राहते, असे स्पष्ट म्हटले आहे.

बोलावयाचे तर कोणत्या शब्दांत, ही आमच्या तीन भाषांच्या मुलुखातील खरी अडचण. 'इंद्रियशैथिल्य' शेतात चालत नाही. 'नामर्द' म्हटले की माणूस उठून जातो. शेवटी धर्मशिक्षकांच्या एका बैठकीत 'कमजोरी' हा शब्द पुढे आला. तो मराठी, तेलुगू व गोंडी बोलणारे सारेच समजतात, आणि त्यात शिवी नाही.

त्या बैठकीत आमचे ते ज्येष्ठ धर्मशिक्षकही होते. त्यांनी सेवा सोडली नाही. मऊ तळव्याचे पायताण घालून, काठी टेकीत ते अजूनही तीन गावे फिरतात. मागील पास्काकाळात एका घरी प्रार्थनासभेत प्रेषितांच्या कृत्यांतील आठवा अध्याय त्यांच्याकडे वाचावयास आला. त्या शब्दापाशी येताच ते क्षणभर थांबले, मग 'राणीचा खजिनदार' असे म्हणून पुढे वाचीत गेले. आम्ही त्यांस दुरुस्त केले नाही.